अध्यक्षांची सुरमई

गुरुग्रामला समुद्र नाही, पण आमच्या सोसायटीत गळाने मासे पकडणाऱ्यांचा क्लब आहे. त्याचे अध्यक्ष माझ्या वरच्याच मजल्यावर राहतात. मालवणात आम्ही दिवसभरासाठी बोट ठरवली, तेव्हा त्यांनी बोटीच्या तांडेलालाच मोबाइलवर हवामान बघून वारा समजावून सांगितला. ‘‘बिल्कुल शांत आहे, चलो!’’ म्हणाले, आणि पुढचे चार तास बादलीत तोंड घालून बसले.

माझ्या गळाला सुरमई लागली, तेव्हा कुठे त्यांची मान वर निघाली. ‘‘एक फोटो होऊन जाऊ दे यार!’’ माशाला हात लावायची त्यांना किळस, म्हणून त्यांच्यापुढे तो मीच धरला.

परवा लिफ्टमध्ये तोच फोटो दाखवत त्यांनी सुरमईशी झालेली झुंज मला रंगवून सांगितली. फोटोच्या कडेला माझा अंगठा दिसत होता.

‘‘तुम्हीपण यायला हवं होतं,’’ ते हळहळले.