हो, त्या बोटीत बाटली होती

काल मणिबेलीच्या बाजूला बोटीने जाऊन आले. आल्यापासून डोकं तापलंय... रात्री दोन घास धड उतरले नाहीत. म्हणून सकाळी चहा बाजूला ठेवून आधी हे लिहायला बसले.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी खापरची. आमचं कापडाचं दुकान, आजेसासऱ्यांनी राजस्थानातून येऊन टाकलेलं. डोंगरातली आणि नर्मदाकाठची माणसं हेच आमचं गिऱ्हाईक. कोणाकडे लग्न असलं की मी स्वतः गाठोडं घेऊन जाते. शाळा फार झाली नाही माझी, पण मनातलं लिहिण्यापुरतं येतं.

तुमच्यापैकी पुष्कळांनी तो व्हिडिओ पाहिला असेल. शहरातून फिरायला आलेल्या चौघांनी काढलेला. एक आदिवासी बोटवाला भर पाण्यात इंजिन बंद करतो, बाटली काढतो... आणि व्हिडिओ तिथेच तोडलाय. वर लिहिलंय, 'सुंदर निर्जन तलाव, पण दारुड्या नावाड्यापासून सावधान'. माझ्या भाच्यानेच मला तो पाठवला, सोबत हसणारी तोंडं टाकून.

तो बोटवाला म्हणजे ओरसिंग. आणि मी त्या दिवशी त्याच बोटीत होते. गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या फळीवर. कोपऱ्यात पदर दिसतो ना, तो माझा.

तर जे तोडलंय ते मी सांगते. ओरसिंगने बाटली तिरपी केली आणि बारीक धार पाण्यात सोडली. कपाळाला हात लावला, बाटली ठेवली, इंजिन सुरू केलं. थेंबभरही त्याच्या ओठाला लागला नाही.

कारण तिथे खाली त्यांचं गाव आहे. धरणाचं पाणी चढलं त्यात घरं गेली, शेतं गेली, आंबे गेले, आणि गावाचा देवही खालीच राहिला. काही घरं लांब वसाहतीत गेली, काही डोंगरावर सरकून राहिली. पण देवाच्या वरून जाताना त्याला मोहाच्या दारूची धार दिल्याशिवाय ही माणसं पुढे जात नाहीत. आपण रस्त्यातल्या देवळापाशी चप्पल काढून हात जोडतो, तसंच हे.

आणि निर्जन कुठलं? टेकडीवर चुलीचा धूर दिसत होता, शेळ्या चरत होत्या. दुपारी या चौघांनी भाकरी खाल्ली ती काय माकडांनी थापली होती? आणि तलाव म्हणे... नर्मदा आहे ती, अडवलेली.

व्हिडिओ फिरत फिरत कुठल्याशा साहेबाच्या मोबाइलवर गेला. ओरसिंगला निरोप आला, बोटीत पुन्हा बाटली दिसली तर बोट बंद. तू प्यायला होतास का, एवढंही कोणी विचारलं नाही. त्या पाड्यांना रस्ता नाही हो. अडलेली बाई त्याच बोटीतून दवाखान्यात जाते, रेशनही त्याच बोटीतून येतं.

काल मी लग्नाचं उरलेलं कापड पोचवायला निघाले होते. बोटीत पाड्यावरची माणसं, ओरसिंगची म्हातारी आई जात्रीबाई, आणि पुन्हा दोन पाहुणे. नवरा-बायको असावेत, हातात मोबाइल.

ती जागा आली. ओरसिंगने सवयीने इंजिन बंद केलं आणि नुसता बसून राहिला. बाटली म्हातारीच्या टोपलीत होती. एका माणसाने हात पुढे केला तर ओरसिंग त्याला म्हणाला, "राहू दे. तुझाही व्हिडिओ काढतील."

जात्रीबाई पाण्याकडे बघत तिच्या भिलीत हळूच बोलली. इतक्या वर्षांत मला ती कळू लागलीय... "त्याला वाटेल, आम्ही विसरलो."

मला राहवलं नाही. म्हटलं, "आण ती इकडे."

आम्ही जैन. घरात कांदा-लसूण शिजत नाही, आणि मी दारूच्या बाटलीला हात लावणार. जात्रीबाईला एवढ्या दुःखातही हसू आलं. "शेठाणी, वास लागेल साडीला."

"लागू दे, दुकानात अजून आहेत. तुझ्या देवाला माझा हात चालेल का, ते सांग."

"न चालायला काय झालं? खाली होतो तेव्हा तुझंच कापड चढवायचो त्याला. ओळखतो तो तुला."

मी धार सोडली. थोडी माझ्या पायावरही सांडली. ओरसिंगने मान वळवून डोळे पुसले.

पाहुण्या बाईने सगळं मोबाइलवर घेतलं होतं. मग जवळ येऊन वाकून नमस्कार केला मला. म्हणाली, "काकू, किती सुंदर श्रद्धा आहे हो तुमची."

तिथे माझं टाळकं सटकलं. पोरगी मनाने चांगली होती, पण म्हणून काय झालं? बाटली तीच, पाणी तेच, देवही त्यांचाच. ओरसिंगच्या हातात ती दिसली की तो दारुडा, आणि माझ्या हातात दिसली की श्रद्धा? हेच मी तिला बोलून दाखवलं. तिचा चेहरा उतरला... उतरू दे.

जात्रीबाईने देवाचं काम माझ्या हाती दिलं, हा मान मी जन्मभर विसरणार नाही. पण मला नमस्कार नकोत. ज्याचा देव आहे त्याला त्याची धार उजळ माथ्याने सोडता आली पाहिजे.

आणि साहेब, तुमच्यापर्यंत हे पोचलं तर एवढंच... काल बोटीत बाटली होती आणि ती माझ्या हातात होती. ओरसिंगला बोलवाल तेव्हा मलाही बोलवा. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसेन.