धूळबाईची साइट

साइटवर तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठ फिरली की 'धूळबाई'. तिला दोन्ही ठाऊक होतं.

एका बाजूला जुना घड्याळाचा मनोरा, दुसऱ्या बाजूला दगडी कमान, आणि मधल्या जागेत तिची इमारत. हरित इमारतीचं प्रमाणपत्र हवं, तर आधी जागा पात्र ठरायला हवी. त्यासाठी कामाची धूळ कुंपणाबाहेर जाता कामा नये. म्हणून फाटकातून निघणारा प्रत्येक ट्रक ती अडवायची आणि चाकं धुऊन घ्यायची.

"मॅडम, चाकांना पावडर पण लावू का?" ड्रायव्हर खवचटपणे विचारायचे.

"लावा की. पण आधी मागची धुवा!"

घरी आई कपाळाला हात लावायची. "इंजिनियर केली, तर पोरगी ट्रकना आंघोळ घालत बसलीय!"

आजूबाजूची धूळ तपासायला परीक्षक यायचे होते, त्या सकाळी ती फाटकाशी पोचली आणि जागीच थबकली. मनोऱ्याच्या पायऱ्या ओल्याचिंब, चकाचक. शेजारी मुकादमकाका पाइप गुंडाळत खुशीत उभे.

"पाहुणे येणार ना! म्हटलं, जरा हात फिरवावा."

"अहो काका, काय करून बसलात हे!"

तेवढ्यात परीक्षक आलेच. ओल्या पायऱ्या बघून त्यांच्या भुवया वर गेल्या.

"धूळ लपवायला धुतलंत?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. इतक्या दिवसांची मेहनत त्या पाण्याबरोबर वाहून चाललेली तिला दिसत होती. तरी ती पुढे झाली.

"आमच्याच माणसांनी धुतल्यात, साहेब. हौसेनं. पण आमचा पाइप वरपर्यंत पोचत नाही. वर चला."

मनोऱ्याचा अरुंद जिना चढून दोघं वर गेली. साइटकडच्या खिडकीच्या कट्ट्यावरून परीक्षकांनी पांढरा रुमाल फिरवला. मग पलीकडच्या खिडकीशी जाऊन रुमालाचं दुसरं टोक फिरवलं. दोन्ही टोकं उजेडात धरून ते बराच वेळ बघत राहिले.

"यातलं तुमच्या बाजूचं कुठलं हो?"

"पुसलंत तुम्ही, साहेब. तुम्हीच सांगा!"

ते खो खो हसले. "दोन्हीकडे सारखंच. पात्र आहे तुमची जागा. तसंच लिहितो."

तिनं खिडकीतून खाली डोकावून अंगठा उंचावला. फाटकाशी एक ट्रक हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. काकांनी छाती फुगवून पाइप उचलला.

"बोंबलतोस काय? चाकं धुतल्याशिवाय सुटका नाही. धूळबाईंची साइट आहे ही!"

पुढच्याच क्षणी त्यांनी जीभ चावली आणि घाबरून वर पाहिलं.

"बरोबर सांगताय, काका!" ती वरून ओरडली. "मागची पण धुवा!"