आहेस्कूल

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की माजलगावच्या आमच्या बाई कविता उभ्यानं ऐकत. कवीला खुर्ची, बाई उभ्या. चष्मा कपाळावर, डोळे मिटलेले, पदर कमरेला खोचलेला. जणू कविता आवडली नाही तर तिथल्या तिथं दोन हात करायचे होते.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. नव्यानं लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी त्या एक त्रैमासिक चालवत. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या घरासमोर, त्यामुळे सगळा खेळ मला आयताच बघायला मिळे. पोस्टानं आलेलं लिखाण त्या छापत नसत. "येऊन वाच," एवढाच निरोप. पोरगं पुस्तकी बोलायला लागलं की डोळे न उघडता विचारत, "कुणाला भ्यालास बे?" एकानं कवितेत 'चंद्रिका' आणली, तर म्हणाल्या, "ही कोण? तुमच्या गल्लीतली का?" आणि मग त्यालाच जेवायला बसवून घेतलं.

मोतीबिंदू बळावला तेव्हा बाईंनी अंक आपल्याच दोन जुन्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला. आनंदानं दिला, हे लक्षात ठेवा. नव्या संपादकांनी काय केलं? आधी मुखपृष्ठावर स्वतःचे फोटो टाकले. मग त्यांना शोध लागला की आपल्याकडची पोरं अशुद्ध लिहितात. पुण्याचे लोक हसतील म्हणे! पुण्याच्या कुठल्या माणसानं हा अंक कधी हातात धरला होता, देव जाणे.

त्यांच्या पहिल्या अंकात चकलांब्याच्या एका पोरीची पहिलीच गोष्ट होती. शाळेत जाताना तिच्या मैत्रिणीला ट्रकनं उडवलं, त्याची. बाईंनीच निवडलेली. पोरगी वाचताना मध्येच थांबायची, म्हणून बाई तिला पुन्हा पुन्हा बोलवायच्या. "रड गं, पण सगळं वाच," म्हणायच्या.

प्रकाशनाला सभागृह भरलं. पोरीचे आईवडील ऊसतोडीहून खाडा करून आलेले. बाई तिसऱ्या रांगेत, कारण व्यासपीठावर त्यांच्यासाठी जागा नव्हती. तिथं हारतुरे ठेवले होते. पोरीच्या हातात अंक दिला. तिनं तिथंच तो उघडला आणि माईकसमोर वाचायला लागली, "आमचं आहेस्कूल आहेवेच्या पल्याड आहे."

झालं होतं असं, की संपादकांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडला होता: दिसेल तिथला 'हाय' काढ आणि 'आहे' घाल. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्यानं हायस्कूलही शुद्ध केलं आणि हायवेही.

सभागृह खदखदा हसलं. छापलेलं चुकीचं असेल, हे पोरीच्या मनातही आलं नाही. आपलंच काही चुकतंय असं समजून ती आणखी स्पष्ट वाचायला लागली. "ती आहेवेवर पडली होती." पुन्हा हशा. तिकडे मैत्रीण मरत होती आणि इकडे लोक पोट धरून हसत होते. तिची आई तोंडाला पदर लावून खाली बघत होती. आजही ते आठवलं की माझे हात शिवशिवतात.

बाई उठल्या. खुर्च्यांना धडकत वर गेल्या. पोरीच्या हातातला अंक काढून टेबलावर आपटला. "तुझी गोष्ट तुला पाठ हाय. अंक कशाला पाहिजे? सांग."

पोरीनं सांगितली. अडखळली, रडली, पण सगळी सांगितली. कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाई जाऊन आता वर्ष झालं. पोरांवर चिडणाऱ्या बाई मी रोज पाहिल्या, पण त्या दिवशीच्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत. संताप एवढा, की आवाज चढलाच नाही. दोघा संपादकांकडे वळून अगदी हळू विचारलं, "छापायच्या आधी हे कुणी वाचलं होतं?"

त्यातले थोरले गडबडले. माईक चालूच होता. शुद्ध भाषेचे ते कैवारी सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं बोलून गेले, "आमी संपादक हाव बाई, आमाला वाचायला येळ कुठंय?"