सूर्याच्या जागी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी वांगी तोडत होतो. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच त्या म्हणाल्या... आदल्याच दुपारी सेवाग्रामच्या दवाखान्यात मी त्याच्याजवळ बसून आलो होतो.

माझा हा मोठा भाऊ पुलगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायचा. निवृत्त होऊन केळझरला परतला, तो डोक्यात कृष्णविवर घेऊनच. गावाला ते समजावून सांगायचंच, असा त्याने पण केला. देवळाच्या भोंग्यावरून व्याख्यान पुकारलं गेलं आणि संध्याकाळी अख्खं भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन हजर! सोबत गोपाळकाल्याची परात. कृष्णाचं काहीतरी आहे, एवढंच त्यांच्या कानी पडलं होतं. दुसरा कोणी असता तर चिडला असता. दादा म्हणाला, "बसा, बसा. हा कृष्ण दिसत नाई, एवढंच." मग तासभर बोलला. मोठा तारा मेला की आपल्याच वजनाने आत कोसळतो, आणि इतका कोसळतो की उजेडही त्याच्यातून सुटून बाहेर येत नाही. एका मावशींनी विचारलं, "मंग आत काय हाय?"

"माहीत नाई, मावशी. जो गेला तो सांगाले वापस आला नाई."

काला मात्र त्याने दोनदा मागून घेतला.

मला त्याचं एक म्हणणं कधीच पटलं नाही. विवर म्हणजे दिसेल ते ओढून गिळणारं काहीतरी, अशी माझी समजूत. दादा वैतागायचा. "अरे, ते झाडू घेऊन नाई फिरत! फार जवळ गेला तोच गेला. सूर्याच्या जागी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेव, पृथ्वी त्यात पडनार नाई. आहे तशीच फिरत राहनार. फक्त उजेड जाईन."

"उजेडच नाई, तर फिरून काय फायदा? माही वांगी कशी होतीन?"

"मी फिरन्याचं बोलून राह्यलो, अन् तू वांग्याचं!"

हा वाद आमच्यात वर्षानुवर्षं चालला. दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारीही त्याने हळूच विचारलं, "समजलं काय रे?" मी सवयीने म्हणालो, "नाई." तो हसला... हो म्हणायला माझं काय जात होतं? ती रुखरुख अजून जात नाही.

सेलूच्या बाजारात भाजी उतरवली की परतताना दादाकडे चहा, हा माझा जुना नेम. आता दीड महिना झाला. ओसरीत त्याची निळी प्लास्टिकची खुर्ची रिकामी असते, आणि माझी मोटरसायकल रोज त्याच कोपऱ्यावर वळते. परवा वहिनींनी चहाचा कप हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, आता रोजचा फेरा काऊन मारता? सवडीनं येत जा."

मी खुर्चीकडे पाहत राहिलो.

"दादाले सांगाचं होतं," मी म्हटलं, "समजलं म्हनून."