उस्तादांचे कान

उस्ताद पॉवर प्रेसच्या लोखंडी अंगावर तळहात टेकवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बेअरिंग चाललंय. उद्या बंद पडंल." आणि दुसऱ्या दिवशी प्रेस बंद पडायचा. वाळूजच्या आमच्या कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग दाबून काढणाऱ्या त्या प्रेसवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीत होतं.

मी शिकाऊ म्हणून लागलो तो त्यांच्याच हाताखाली. पाळी सुटताना ते मला थांबवायचे. "बोटं दाखव." मी दोन्ही पंजे पुढं करायचो. "दहा हायेत ना? मग आज लई माल काढलास. जा घरी." पुढं मी सुपरवायझर झालो, नंतर कार्यालयात कामगारांच्या फायली सांभाळू लागलो. माझी दहा बोटं शाबूत राहिली ती त्यांच्यामुळं.

त्यांना ऐकू येत नाही, हे मला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे. दरवर्षी आरोग्य तपासणीत एक बाई कानांना हेडफोन लावायची, आवाज आला की बोट वर करायचं. उस्ताद हमखास पास. एकदा डबा खाताना त्यांनी मला गुपित सांगितलं. "ती बाई बटन दाबती ना, तवा तिचा खांदा हलतो. मी खांदा ऐकतो." आम्ही दोघंही खूप हसलो. मी सुपरवायझर होतो आणि त्यांच्या हातचा माल मला हवा होता. मी कुणाला काही बोललो नाही.

मग नवे व्यवस्थापक आले आणि पन्नाशी उलटलेल्यांच्या फायली तपासायला निघाल्या. त्यांनी मला बोलावून विचारलं, "या माणसाला खरंच ऐकू येतं का?" माझ्या बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. मी म्हणालो, "तपासणीच्या वेळी त्यांची खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवायला सांगा."

सुरक्षेचा प्रश्न आहे, असं मी स्वतःला सांगितलं. तो होताही. पण इतकी वर्षं मला तो दिसला नव्हता. आणि उस्तादांना बाजूला घेऊन सांगायला पाच मिनिटं पुरली असती.

तपासणीला मी दारात उभा होतो. उस्ताद भिंतीकडं तोंड करून बसले. बोट गुडघ्यावर तसंच पडून राहिलं. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली आणि त्या बाईकडं न बघता सरळ माझ्याकडं बघितलं, मदत मागावी तसं. मी हातातली फाईल उघडली.

डॉक्टरांनी लिहिलं होतं, यंत्राच्या आवाजानं कान गेले असावेत. तसं ठरलं असतं तर भरपाईची जबाबदारी कारखान्यावर आली असती. व्यवस्थापक म्हणाले, "आपल्या अहवालात वयोमानामुळे असं घाला." मी घातलं. सहीसाठी कागद पुढं केला तेव्हा उस्तादांनी खिशातला चष्मासुद्धा काढला नाही. "तूच लिहिलंस ना? मग वाचायचं काय त्यात?" महिन्याभरात शाल आणि नारळ घेऊन ते पिशोरला, आपल्या गावी गेले. मला बढती मिळाली.

वर्षभरानं मी पिशोरला गेलो. उस्तादांनी ओसरीवर सतरंजी अंथरली, त्यांच्या पत्नीनं, भाभींनी, चहा आणला. मी कपाकडं बघत सगळं सांगून टाकलं, खुर्चीचं आणि अहवालाचंही. उस्ताद हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होते. भाभी मात्र दारातच थांबल्या होत्या.

"त्यांना काय बी कळलं नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही खाली बघून बोलताय. वर बघा आन् परत सांगा."

त्या वेळी उठून निघून जावंसं वाटलं. पण मी मान वर केली आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं. उस्तादांची नजर माझ्या ओठांवर होती. मी थांबलो तरी ती तिथंच राहिली.

"मला वाटलं, त्या बाईनंच वळखलं," ते म्हणाले. मग त्यांनी समोरचा कप बाजूला सारला. शेवटी त्यांनी विचारलं, "आता बदलता येतं का ते?"

"येईल. खरं काय ते मी लेखी देतो."

मी लिहून दिलं. त्यानंतर माझी बदली कुठल्या कोपऱ्यातल्या खोलीत झाली ते सांगण्यासारखं नाही, आणि त्याबद्दल तक्रारही नाही. उस्तादांचं भरपाईचं प्रकरण कामगार न्यायालयात अजून चालू आहे. तारखेला ते पिशोरहून एसटीनं येतात, मी आधीच पोचलेला असतो. आम्ही एकाच बाकावर बसतो. मी आता त्यांच्याकडं तोंड करून, सावकाश बोलतो. ते माझ्या घरच्यांची चौकशी करतात, भाभींनी दिलेला डबा पुढं सरकवतात. कशात काही कमी नसतं.

फक्त म्हणतात, "घ्या साहेब, तुम्ही आधी घ्या."