देठाकडची फोड

बाबांचा फोन आला तेव्हा मी एका सभेसाठी पत्रक लिहीत होते. "गौरक्का गेली," ते म्हणाले. मागून दुधनीच्या घरातल्या बायकांचे आवाज येत होते. "सकाळी चहा घेतला. म्हणाली, पडते जरा… आणि मग उठलीच नाही." माझ्या समोरच्या कागदावर 'आमचं बियाणं आमच्याच हातात' एवढी एकच ओळ होती. ते पत्रक मी नंतर पूर्ण केलं नाही.

गौरात्या ही बाबांची थोरली बहीण. कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीच्या कन्नड शाळेत तिनं सगळी नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतरही रस्त्यानं जाणाऱ्या मोठमोठ्या माणसांना ती हाक मारून पाढे विचारायची. वर्गात कन्नड, बाजारात मराठी आणि रागावली की दोन्ही. सोलापूरला आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाचायला शिकले. बाबा चळवळीतले, पत्रक छापून आलं की पहिली प्रत आत्याला जायची. ती चष्मा लावून सगळं वाचायची आणि म्हणायची, "बरं लिवलंय. पर लई वरडतोय रे तू. कागदाला कान असतात व्हय?" मग त्याच पत्रकाच्या पुड्या करून त्यांत भेंडीचं, दोडक्याचं, घेवड्याचं बी बांधून ती आम्हाला परत पाठवायची. बाबांच्या घोषणा माझ्या लहानपणी अशा बियांसकट घरी यायच्या.

दुधनीजवळची आजोबांची जमीन भावाभावांत वाटली गेली, पण विहिरीलगतचा एक लहान तुकडा कुणीच वाटून घेतला नाही. तिथं फक्त भाजी करायची, घरातल्या कुणीही येऊन तोडून न्यायची. एकच अट होती. ज्या फळाला लाल चिंधी बांधलेली असेल त्याला हात लावायचा नाही, ते बियाचं. सणाला पाहुणे आलेले असोत, भाजी कमी पडत असो, चिंधीचं फळ वेलावरच पिकायचं. बी विकत आणावं लागणं ही मला आजही अपमानाची गोष्ट वाटते. चकचकीत पाकिटावर काकडीचं चित्र असतं. पण तिचं बी धरून ठेवलं तर पुढच्या वर्षी ती काकडी ओळखही देत नाही. हा राग मी पत्रकांतून शिकले असेन, पण त्याला चव आली ती या तुकड्यावर.

आणि ती चव वाळकाची होती. ज्यांनी वाळूक खाल्लेलं नाही त्यांना ते काकडीचं दांडगं भावंड आहे, एवढंच सांगता येईल. तुरीच्या ओळींतून त्याचे वेल पसरतात, आणि बांधावर बसून शेंगाच्या चटणीशी ते खाल्लं की जेवणाची आठवण राहत नाही. आमच्या घरचं वाळूक गोड म्हणून अख्ख्या गावात नाव होतं.

ते नाव बुडवलं बहीणभावांनी मिळून. एका वर्षी बाबा कुठल्याशा बीज मेळाव्यातून शेंदाडाचं बी घेऊन आले. जुन्या सगळ्या जाती वाचवायच्या, या उत्साहात दोघांनी ते वाळकाच्या शेजारीच लावलं. आळी आत्यानंच करून दिली. मधमाश्यांना वाळूक आणि शेंदाड असला भेद नसतो. पुढच्या वर्षी आमची निम्मी वाळकं कडू निघाली. पिकल्यावर आंबटगोड लागणारं शेंदाड कच्चं असताना कडू असतं, तो कडूपणा आमच्या बियात शिरला होता.

तेव्हापासून आत्यानं एक रीत धरली. प्रत्येक वेलाचं एक फळ ती देठाकडून कापायची, कारण कडूपणा तिथं आधी येतो. पातळ फोड तोंडात घालून डोळे मिटायची आणि हात वर करायची. हात वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही. बाबा पुटपुटले तरी डोळे न उघडता म्हणायची, "सुम्न कूड," म्हणजे गप बस. फोड गिळून झाली की निकाल. कडू निघालेला वेल फळांनी लगडलेला असला तरी मुळासकट निघायचा. असं वर्षानुवर्षं चाखत तिनं ते बी जवळजवळ निवळत आणलं होतं…

मग ती आजारी पडली. उपचारासाठी सोलापूरला आमच्याकडे राहिली. औषधांनी तिच्या तोंडाची चव पार गेली. आईनं केलेलं सगळं ती मुकाट्यानं खायची. एकदाच म्हणाली, "समदं पिठावानी लागतंय गं." जेवणाचं दुःख तिला नव्हतं. बियासाठी वाळकं चाखून धरायची वेळ आली होती.

भाद्रपदात तिला आम्ही दुधनीला नेलं. बांधावर खुर्ची टाकली. तिनं मला जवळ बोलावलं. "सभेत तुजी जीब लई चालती म्हनत्यात. आज हितं चालव."

मी एकेका वेलाची फोड चाखत गेले. नाव घेण्यासारखं काही नव्हतं. एक वाकडंतिकडं वाळूक तेवढं साखरेसारखं निघालं. शेवटी तिच्या लाडक्या वेलाकडे आलो. लांबसडक, फिकट पट्ट्यांचं, डाग नसलेलं फळ. चव कळत नव्हती म्हणून या वेळी तिनं नुसतं रूप बघून त्याला आल्या आल्याच चिंधी बांधून टाकली होती. त्याच्या शेजारचं दुसरं फळ मी कापलं. फोड गोड लागली… आणि गिळल्यावर, अगदी शेवटी, घशाशी बारीक कडू आलं.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या बाबांनी मान हलवली. सांगू नकोस. ज्या माणसानं मला खरं ते मोठ्या अक्षरांत लिहायला शिकवलं, तो माणूस मला हे सांगत होता, आणि बाबांचे डोळे भरले होते. तिला आता कधीच कळणार नव्हतं, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

"आत्या, कडू आहे," मी म्हटलं. "थोडं."

"थोडं म्हंजे?"

"गिळल्यावर कळतंय."

तिनं त्या चिंधीच्या फळाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "उपट."

"अक्का, एवढा एक राहू दे की," बाबा म्हणाले. "तुझ्या हातचा आहे."

"मला बरं वाटावं म्हनून पोरीच्या ताटात कडू वाढू व्हय रे? ये हिकडं. लावताना दोगं हुतो, उपटताना एकटीला घालतोस?" आणि तिनं खुर्चीतून वाकून वेलाला हात घातला. बाबांनी वरून धरलं. वेल निघाला तशी ती हसली. "शेंदाड आनतोय म्हनं मेळाव्यातनं!"

बी धरलं ते त्या वाकड्या वाळकाच्या वेलाचं. त्याचं चिंधी बांधलेलं दुसरं फळ नवरात्रात पिकलं. आत्याला उभं राहवत नव्हतं, तरी बी कीड न लागता मृगातल्या पेरणीपर्यंत टिकावं म्हणून पाटावर बसून तिनं शेणात राख कालवली, त्यात बी मिसळलं आणि बसल्या जागेवरून हात पोचेल तेवढ्या उंचीवर दुधनीच्या घरामागच्या भिंतीला गोवऱ्या थापल्या. दिवाळी झाली आणि ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मी आणि बाबा त्या भिंतीपाशी गेलो. गोवऱ्या वाळून कडक झाल्या होत्या. प्रत्येकीवर तिची बोटं उमटलेली होती, आजारानं बारीक झालेली. बाबांनी एकीवर आपला हात ठेवून पाहिला. तो बसला नाही.

"ही एक अशीच ठेवायची," ते म्हणाले. "फोडायची नाही."

मलाही तेच हवं होतं. पण तिच्या बोटाच्या खळग्यात एक बी अर्धं वर आलेलं दिसत होतं.

"बाबा, हिच्यात बी आहे."

त्यांनी त्या बियावरून अंगठा फिरवला. मग हात काढून घेत म्हणाले, "मृगात तू फोड. माझ्यानं व्हायचं नाही."

मृगाला अजून पुष्कळ अवकाश आहे. तोवर त्या भिंतीवर आत्याचा हात आहे.