सुरीची हरवलेली कपची

आमच्या भट्टीच्या नव्या शेडमधून बाहेर गेलेल्या त्या पहिल्याच बारा सुऱ्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एक परत आली.

दिवाळे गावची एक कोळीण, आमची जुनी गिऱ्हाईक, टोपली बाहेर ठेवून आत आली आणि तिनं सुरी ऐरणीवर टाकली. धारेतून तांदळाच्या दाण्याएवढी कपची उडाली होती.

"कपची कुठंय?" मी विचारलं.

"मना काय ठाव? जिताड्याचं डोकं फोडत व्हते. मासली इकून मोकली झाले. कोनाच्या पोटात गेली आसंल."

ती हसली. मी नाही.

माझे सासरे लोहार. ट्रकच्या भंगारातले कमानपाटे आणून त्यांच्या सुऱ्या घडवायचे. भट्टीचा पंखा मी फिरवायची, आणि कोणती सुरी कोणाकडे गेली याची यादी माझ्याकडे. सुरीचा सगळा जीव पाणी देण्यात, तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करण्यात. म्हणायचं पाणी, पण पाट्याचं पोलाद पाण्यात तडकतं म्हणून ते जळक्या तेलात बुडवायचे. डाळिंबाच्या दाण्याचा लाल रंग आला की तेलात. मग घासून, पुन्हा हलकं शेकून, धारेवर गव्हाच्या काडीचा पिवळा रंग आणायचा. ताप मोजायला रंगाशिवाय दुसरं काही नव्हतं.

सासऱ्यांनी ती सुरी व्हाइसच्या जबड्यात धरून हातोड्यानं मोडली. मोडलेल्या जागी साखरेसारखे जाड दाणे चमकत होते. तिथं राखेसारखा बारीक, करडा पोत हवा होता.

"जास्त तापली," ते म्हणाले. "माझे डोळे गेले, सूनबाई. भट्टी बंद."

"ते नंतर बघू. आधी अकरा सुऱ्या परत आणते."

ज्या घरी लहान मुलं, ती घरं यादीत वर घेतली. दुपारी बायका बाजारातून परतल्यावर दारोदार फिरले. "देलेली सुरी परत मागतेस? लाज हाय का?" असं ऐकत संध्याकाळपर्यंत दहा जमल्या. अकरावी एकीनं जासई गावी बहिणीच्या घरी धाडली होती. दुसऱ्या दिवशी तिथं लग्नाची हळद होती.

सकाळच्या पहिल्या एसटीनं जासई गाठली. मांडवामागं बायका मासळीचा ढीग घेऊन बसल्या होत्या आणि आमची सुरी चालू होती. ती चालवणाऱ्या बाईचं मी सरळ मनगट धरलं. "मावशी, थांबा! हिची कपची उडते. कोणाच्या घशात गेली तर?" घरून आणलेली माझ्या स्वयंपाकघरातली सुरी तिच्या हातात दिली आणि आमच्या सुरीच्या धारेवरून नख फिरवलं. टोकापासून मुठीपर्यंत अखंड. पुन्हा फिरवलं. मग खाली बसले.

"पानी द्या रं हिला," कुणीतरी म्हणालं.

परतले तेव्हा सासरे थंड भट्टीपाशी बसले होते आणि त्यांच्या धोतरावर उन्हाचा लख्ख चौकोन पडला होता. मी वर बघितलं. छपरात फायबरचे दोन पत्रे, उजेड आत येणारे. ते मीच हट्टानं बसवून घेतले होते, यादी लिहायला दिसत नाही म्हणून. भट्टीच्या जुन्या झोपडीत भर दुपारी अंधार असायचा. इथं उन्हात लाल रंग फिका दिसणार, आणि तो डाळिंबासारखा दिसेपर्यंत लोखंड हवं त्याहून तापणार.

"मामंजी, दोष डोळ्यांचा नाही. पत्र्यांचा."

"माझी समजूत काढू नकोस."

शिडी लावून दोन्ही पत्र्यांवर गोणपाटं टाकली, वर विटा ठेवल्या. सासऱ्यांनी पाट्याचा एक तुकडा तापवला, तेलात बुडवला, मोडला. तो घेऊन ते दारात उजेडाला गेले. मोडलेली बाजू उन्हाकडे फिरवली.

"बारीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे डोळे माझे गेले नव्हते, अक्कल तुझी गेली होती."

आणलेल्या अकराही त्यांनी मोडल्या. सगळ्यांत साखर.

आठ दिवसांनी नव्या बारा घेऊन मी दिवाळ्याला गेले. कपची उडालेल्या बाईनं नव्या सुरीनं जिताड्याचं डोकं फोडलं, एक तुकडी तव्यावर टाकली आणि ताटली माझ्यापुढं सरकवली. भोवती पाच-सहा जणी जमल्या.

"पयली तू खा."

"खाते की."

"भ्याली बग, भ्याली!"

"कोण भ्यालंय?" मी म्हणाले, आणि घास जिभेनं चाचपत, एका बाजूच्या दातांनी हळूहळू चावू लागले.